घरगुती हाताळणी

माझ्या बहिणीचे कुत्र्याचे पिल्लू शनिवारी सकाळी नाश्त्याच्या वेळी मेले आणि त्याच दिवशी दुपारी चारच्या आत मी त्याच्या मृत्यूचे खोटे कारण लिहून दिले. या वाक्याचा पूर्वार्ध कुणीही लिहिला असता. उत्तरार्ध लिहायला मला सात महिने लागले.

मी पशुवैद्यक आहे, पण जिवंत जनावरांचा नव्हे. जनावर मेले की ते उघडायचे, अवयवांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे आणि ते कशाने मेले ते लिहायचे, हे काम मी चौतीस वर्षे केले. निवृत्तीनंतरही मिरजेच्या माझ्या घराच्या मागच्या खोलीत सूक्ष्मदर्शक, काप घेणारे यंत्र आणि नमुन्यांचा एक फ्रीज आहे. आसपासच्या तीन जिल्ह्यांतले डॉक्टर अजून नमुने पाठवतात. जिवंतांच्या डॉक्टरांना मालकांशी गोड बोलावे लागते. मला ती सवय कधी लागली नाही. मेलेल्या म्हशीला तिचा अहवाल आवडला नाही, अशी तक्रार माझ्याकडे आजवर आलेली नाही.

माझी बहीण तृप्ती माझ्याहून चार वर्षांनी लहान. सांगलीला विश्रामबागेत राहते. तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाली. नवरा तीन वर्षांपूर्वी गेला, मुलगी परदेशी स्थायिक झाली. मार्च महिन्यातल्या एका रविवारी तिचा फोन आला.

“दादा, मी पिल्लू घेतलं.”

“कुठून?”

“चिरसोबतमधून.”

मी काही बोललो नाही.

“तू गप्प बसलास की तुला काय म्हणायचंय ते मला बरोबर कळतं,” ती म्हणाली.

“मग मी बोलायची गरज उरत नाही.”

“गुरुवारी तिचं बारसं आहे. साडेपाचला. आणि येताना ते तोंड घरी ठेवून ये.”

चिरसोबत या कंपनीचे संगोपनकेंद्र मावळातल्या एका टेकडीवर आहे. तिथे शेकडो पिल्ले आहेत आणि एकही आई नाही, कारण आई या घटकाची गरज कंपनीने काढून टाकली आहे. फलित अंडपेशी आठ पेशींची झाली की तिचे चार भाग करतात. प्रत्येक भागात पूर्ण जीव घडवण्याची क्षमता शाबूत असते. निसर्ग हा प्रयोग अधूनमधून जुळ्यांच्या रूपाने करतो. कंपनी तो दर मंगळवारी करते. चारही भ्रूण कृत्रिम गर्भाशयात दोन महिने वाढतात आणि एकाच तासात बाहेर काढले जातात. चारांपैकी एक पिल्लू ग्राहकाकडे जाते. उरलेल्या तिघांना ‘राखीव’ म्हणतात.

विकलेल्या पिल्लाच्या गळ्यात एक पट्टा असतो. तो ऐकतो आणि हुंगतो. घरातल्या माणसांचे आवाज, त्यांच्या अंगाचा, साबणाचा, फोडणीचा वास घडवणाऱ्या रेणूंची यादी, पिल्लू कुठे झोपले, कुठून पडले, असे सगळे दर तासाला टेकडीवर पोचते. तिथे राखीव पिल्लांच्या खोक्यात तेच वास सोडतात, तेच आवाज लावतात आणि त्याच क्षणी दूध देतात. तीन ते बारा आठवड्यांच्या वयात पिल्लाचा मेंदू ‘आपले कोण’ हे ठरवत असतो. त्या मुदतीत जो वास आणि जो आवाज दुधाबरोबर येतो, तो आपला. त्यामुळे पहिले पिल्लू दगावले तर दुसरे तुमच्या दारात उतरताच तुमच्याकडे धावत येते आणि तुमच्या हाकेला ओ देते. जाहिरातीत याला ‘ती परत आली’ म्हणतात. घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे शाळेतली मुलेही शिकतात. कंपनीने त्या पाण्यावर आत्म्याचे लेबल लावले आहे, इतकेच.

मृत्यू हा शब्द कंपनीच्या कागदपत्रांत कुठेही नाही. त्याऐवजी ‘खंड’ आहे. दुसरे पिल्लू येते, त्याला ‘पुनःसोबत’. ग्राहकाला ‘सोबतकर्ता’. ही भाषा तयार करणाऱ्या माणसाने आयुष्यात कधी काही पुरलेले नसावे.

गुरुवारी मी बारशाला गेलो. पिल्लू सुमारे आठ आठवड्यांचे, मादी, पेढ्याच्या रंगाचे, एक कान पांढरा. भिशीतल्या नऊ बायका काठापदराच्या साड्या नेसून आल्या होत्या. पाळणा होता, पाळण्याला झेंडूच्या माळा होत्या, घुगऱ्या होत्या. मी घुगऱ्यांची वाटी घेऊन कोपऱ्यात बसलो. नऊ सुशिक्षित स्त्रिया, त्यांतल्या दोघी विज्ञानाच्या पदवीधर, एका पाळण्याभोवती उभ्या राहून कुत्र्याला वरून खाली आणि खालून वर देत होत्या. बाळाला जसे देतात तसेच.

पाळण्याच्या खाली बसून पिल्लू घ्यायचा मान नंदा लाटकर यांचा होता. त्या तृप्तीच्याच शाळेत गणित शिकवायच्या. तीस वर्षांची मैत्री, आणि आवाज असा की शेजारच्या वर्गातली मुलेही पाढे म्हणू लागायची. तिसऱ्या फेरीत पिल्लू वळवळले, नंदाबाईंच्या हातातून निसटले आणि वीतभर उंचीवरून खाली अंथरलेल्या गोधडीवर आले. लगेच उठले आणि जवळच्या ताटलीतल्या घुगऱ्या चाटू लागले.

“हिला नावापेक्षा घुगऱ्यांची घाई,” नंदाबाई म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या. मीही हसलो. वीतभर उंची, खाली दोन पदरी गोधडी, वजन अडीच किलो. तेवढ्याने उंदीरही मरत नाही. ही नोंद मी मनात केली, हे मुद्दाम सांगतो.

“दादा, नाव कानात तू सांग,” तृप्ती म्हणाली. “हिला आत्या नाही. मामा आहे.”

“कुत्र्याच्या कानात मी फक्त गोचीड शोधतो.”

“बघा, हा माझा सख्खा भाऊ,” ती बायकांना म्हणाली, आणि स्वतःच वाकून पिल्लाच्या कानात कुर्र करून नाव सांगितले. कंदी.

शनिवारी सकाळी आठ वाजता कंदी स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीकडे धावत निघाली आणि मधल्या दारात आडवी झाली. तृप्ती पोहे परतत होती. तिने वळून पाहिले तेव्हा पिल्लाचे पाय एकदा ताठ झाले आणि मग झाले नाहीत. ओकारी नाही, जुलाब नाही, ताप नाही. आदल्या संध्याकाळी अर्धा तास चप्पल ओढत होती.

मी पोचलो तेव्हा तृप्ती जमिनीवर बसली होती, मांडीवर पिल्लू. ती रडत होती, आणि मला ते रडणे असह्य होत होते. करुणेने नव्हे, मला ते प्रमाणाबाहेर वाटत होते. सहा दिवस. नवरा गेला तेव्हा ती इतकी रडली नव्हती. मी उभा राहून मनात गणित करत होतो की दिवसाला किती अश्रू पडतात, आणि हे गणित आपल्याला सुचते याचा मला थोडा अभिमानही वाटत होता.

कंपनीचा फोन मी घेतला. बोलणाऱ्या मुलीचे नाव ईशिता.

“काका, कंदीच्या खंडाबद्दल आम्हांला खूप वाईट वाटतंय.”

“खंड वीजपुरवठ्यात पडतो. पिल्लू मेलंय.”

“हो काका, आम्ही तो शब्द वापरत नाही. तुम्ही नोंदणीकृत पशुवैद्य आहात असं दिसतंय इथे. मग तर एकदम सोपं आहे. कारणाच्या चौकोनात फक्त एक खूण करायची.”

“शरीराचं काय?”

“ते तुमच्याकडेच. आम्हांला फक्त पट्टा परत लागतो.”

चौकोन तीन होते. ‘जन्मजात दोष’: चौकशी एकवीस दिवस, तोवर पुनःसोबत स्थगित. ‘संसर्ग’: घराचे निर्जंतुकीकरण, पंचेचाळीस दिवस स्थगित. ‘घरगुती हाताळणी’: पुनःसोबत अठ्ठेचाळीस तासांत.

चौतीस वर्षांत मी शरीर न उघडता कारण लिहिले नव्हते. कोंबडीचेसुद्धा नाही. पण हे सहा दिवसांचे कुत्रे होते, बहीण रडत होती, आणि अठ्ठेचाळीस तासांत त्याच रंगाचे, त्याच पांढऱ्या कानाचे दुसरे येऊन हे रडणे बंद पाडणार होते. मी तिसऱ्या चौकोनात खूण केली आणि सही केली. शरीर टॉवेलात गुंडाळून मिरजेला नेले. “लिंबाखाली पुरतो,” असे तृप्तीला सांगितले आणि नमुन्यांच्या फ्रीजमध्ये ठेवले. रविवारी पुरायचे होते. रविवारी ऊन फार होते.

सोमवारी दुपारी तृप्तीचा फोन आला. आवाज कोरडा होता.

“दादा, ते पिल्लू आलंय. येऊन घेऊन जा.”

मी गेलो. बाहेरच्या खोलीत तृप्ती खुर्चीवर बसली होती, दोन्ही हात ओढणीत गुंडाळलेले, थंडी वाजत असल्यासारखे. एप्रिल लागला होता. तिच्या पायाभोवती पेढ्याच्या रंगाचे, पांढऱ्या कानाचे पिल्लू गोल गोल फिरत होते. मधूनच स्वयंपाकघरात जाई, कंदीची वाटी जिथे असायची नेमक्या त्या जागी जाऊन परत येई आणि तृप्तीच्या गुडघ्यावर पुढचे पाय ठेवी. ती पाय बाजूला घेई. हात काढत नसे.

“चांगलं आहे की,” मी म्हणालो. “अगदी तसंच.”

“तू वाचलंस का ते?”

“काय?”

तिने मान हलवून टेबलावरचा कागद दाखवला. कंपनीचा ‘खंड-अहवाल’ होता. माझ्या सहीनंतर दहा मिनिटांत आपोआप तयार झालेला. कंपनीच्या यंत्रणेने माझी खूण घेतली, पट्ट्याच्या नोंदींत तिच्याशी जुळणारी घटना शोधली आणि दोन्ही एकत्र जोडली होती. मी वाचले: ‘पडण्याची घटना: गुरुवार, सायंकाळी ५.४२. अनोळखी स्पर्श: नऊ. घटनेच्या वेळी धारण करणारी व्यक्ती: स्त्री-आवाज क्रमांक ७. खंडाचे कारण: घरगुती हाताळणी. प्रमाणित: डॉ. हेमंत आवटे.’

“सातवा आवाज म्हणजे नंदा,” तृप्ती म्हणाली. “ते ऐकवतात पण. मी दाबलं, तर नंदा हसत म्हणतेय, हिला घुगऱ्यांची घाई. आणि त्याच्या आधी धप्प असा आवाज.”

मी गप्प बसलो. या वेळी मला काय म्हणायचे आहे ते तिला कळले नाही.

“मी काल नंदाला फोन केला. जे बोलायला नको ते बोलले. ती म्हणाली, तृप्ती, वीतभर उंची होती गं. मी म्हटलं, माझ्या भावाने चौतीस वर्षं हेच केलंय, तो चुकत नाही. तिने फोन ठेवला.” ती थांबली. “बारसं माझीच हौस. नऊ जणींच्या हातांत दिलं मी तिला. मी आणि नंदानं मिळून मारलं. आता हे पाठवलंय, तसंच. मी याला हात नाही लावणार दादा. तू घेऊन जा नाहीतर त्यांना परत पाठव.”

पिल्लू माझ्या बुटाची नाडी चावत होते. मी त्याला उचलले. छाती माझ्या तळहातात मावत होती. हृदयाचे ठोके वेगाने, पण नियमित. निदान बोटांना नियमित वाटले.

“दोन दिवस ठेव,” मी म्हणालो. “मी बुधवारी येतो.”

मिरजेला येऊन मी फ्रीजमधून टॉवेल काढला.

शवविच्छेदनाबद्दल लोकांच्या कल्पना नाट्यमय असतात. प्रत्यक्षात ते शिंप्याच्या कामासारखे आहे. डोके: कवटी शाबूत, रक्तस्राव नाही. पाठीचा कणा शाबूत. यकृत फाटलेले नाही. पडल्याची एकही खूण नाही. आतडी उत्तम, आदल्या दिवशीचा भातही ओळखू येत होता. फुप्फुसे मात्र ओली आणि जड होती, आणि हृदय पिल्लाच्या मानाने मोठे, मऊ, त्यावर फिकट रेघा.

पूर्वी काप तयार व्हायला दोन दिवस लागत. आता तीन तास लागतात. स्नायूच्या तंतूंमध्ये दाहाच्या पेशींची गर्दी होती आणि जिथे तंतू असायला हवे होते तिथे व्रणाचे पांढरे धागे. जनुक-तपासणीने विषाणूचे नाव सांगितले. मला ते आधीच कळले होते. चौतीस वर्षांत हा रोग मी दोनदा पाहिला होता.

हा पिल्लांच्या जुलाबांचाच जुना विषाणू. त्याला वाढायला विभाजन पावणाऱ्या पेशी लागतात. मोठ्या पिल्लात अशा पेशी आतड्यात असतात, म्हणून तिथे जुलाब होतात. पण जन्मानंतरचे पहिले दोन आठवडे हृदयाच्या स्नायुपेशीही विभागत असतात. त्या काळात विषाणू शिरला तर तो हृदय खातो, आणि गप्प बसतो. पिल्लू खाते, खेळते, चप्पल ओढते; आणि कित्येक आठवड्यांनी एका सकाळी मधल्या दारात आडवे होते. हा प्रकार जगातून जवळपास नाहीसा झाला होता, आणि तो कुठल्या कंपनीने नाहीसा केलेला नव्हता. आईला लस दिलेली असते, किंवा तिला स्वतःला रोग होऊन गेलेला असतो. तिच्या रक्तातली प्रतिपिंडे पहिल्या दिवसाच्या चिकातून पिल्लाला मिळतात आणि ते दोन आठवडे सुखरूप जातात. टेकडीवर आई नाही. तिथे कृत्रिम चीक आहे, त्यात प्रथिने, चरबी, साखर सगळे अचूक. या विषाणूची प्रतिपिंडे नाहीत, कारण केंद्र निर्जंतुक असल्यामुळे त्यांची गरज नाही, असे कंपनीच्या तांत्रिक पत्रकातच छापलेले आहे. हा विषाणू बुटाच्या तळव्याला चिकटून महिनोन्महिने जगतो. टेकडीवर बूट घातलेली माणसे कामाला असतात.

एका आईला वगळून कंपनीने पाठ्यपुस्तकाच्या तळटीपेत गेलेला रोग परत आणला होता. आणि चार पिल्ले एकाच तासात, एकाच खोलीत, एकाच हाताळणाऱ्याच्या हातांत बाहेर आली होती. तृप्तीच्या पायाभोवती फिरणाऱ्या पिल्लाचे हृदय मी पाहिलेले नव्हते, पण त्याचा काप माझ्यासमोर काचपट्टीवर होता.

मी ईशिताला फोन केला आणि हे सगळे सांगितले. तिने मध्ये एकदाही अडवले नाही. मग म्हणाली, “काका, तुम्ही स्वतः घरगुती हाताळणी प्रमाणित केलंय ना?”

“ते चुकीचं होतं.”

“प्रमाणपत्र बदलता येत नाही काका. पण तुमचा अभिप्राय मी पुढे पाठवते. आणि काळजी करू नका, अजून दोन राखीव आहेत.”

मी या मुलीला तुच्छ मानायला निघालो होतो. जमले नाही. तिने आयुष्यात एकही शव उघडलेले नव्हते, तिला चौकोन भरायला शिकवले होते. मला दुसरे काही शिकवले होते, तरीही मी चौकोनच भरला होता.

बुधवारी तृप्तीच्या घरी गेलो. पिल्लू खुर्चीखाली झोपले होते, तिच्या टाचेला नाक लावून. हात अजून ओढणीत.

“पडल्यामुळे ती मेली नाही,” मी म्हणालो. “हृदयाचा रोग होता. जन्मापासून दोन आठवड्यांच्या आत लागलेला. बारसं केलं नसतं तरी शनिवारी मेलीच असती.”

“सही तुझी आहे.”

“आहे.”

“म्हणजे तू न बघता लिहिलंस.”

“हो.”

“आणि पुरलीस कधी?”

“काल. उघडल्यानंतर.”

तिला राग आला असता तर मला सोपे गेले असते.

“का लिहिलंस दादा?”

“दुसरं दोन दिवसांत आलं असतं. तू रडायची थांबली असतीस.”

“तुला माझं रडणं नको होतं.”

“सहा दिवसांचं कुत्रं होतं, तृप्ती.”

“सहा दिवसांचं नव्हतं. आठ आठवड्यांचं होतं. सहा दिवस माझ्याकडे होतं.” ती उठली. “वर्गात मुलं नकाशात न बघता नद्या काढायची. कृष्णा थेट अरबी समुद्रात. मी त्यांना ओरडायचे नाही, माहितीये? पुसून परत काढायला लावायचे, सगळ्या वर्गासमोर. चल.”

“कुठे?”

“नंदाकडे. तू वाचून दाखवायचंस. मी नाही बोलणार.”

नंदा लाटकर दोन गल्ल्या पलीकडे राहतात. त्यांनी दार उघडले, तृप्तीकडे पाहिले नाही, मला आत घेतले. मी अहवाल वाचला. स्नायू, दाह, व्रण. त्या हातांची घडी घालून ऐकत होत्या.

“एवढं मला कळत नाही,” त्या शेवटी म्हणाल्या. “मला एकच सांगा डॉक्टर. तुम्ही तिथे बसला होतात ना? कोपऱ्यात, वाटी घेऊन?”

“हो.”

“तिला माझ्या हातातून पडताना पाहिलंत?”

“पाहिलं.”

“तेव्हा काय वाटलं तुम्हांला?”

“की तेवढ्याने काही होत नाही.”

“शनिवारी खूण केलीत, तेव्हा हे आठवत होतं?”

“आठवत होतं.”

“बरं.” त्या तृप्तीकडे वळल्या. “ऐकलंस? तुझा भाऊ चुकत नाही म्हणाली होतीस. खरंच चुकला नाही. माहीत असून केलं.” मग थोड्या वेळाने, “बस आता. उभी काय राहिलीस परक्यासारखी.”

तृप्ती बसली. मला कुणी बस म्हटले नाही, आणि ते योग्यच होते. मी दाराशी उभा राहून दुसऱ्या पिल्लाबद्दल सांगितले: हृदय बहुधा तसेच आहे, आठवडा, महिना, वर्ष, सांगता येत नाही, उपचार नाही, गोळ्यांनी थोडे लांबते. परत पाठवले तर कंपनी त्याला निरुपयोगी ठरवेल. निरुपयोगी पिल्लांचे काय होते, यासाठी कंपनीकडे नक्कीच एखादा सुंदर शब्द असेल.

“पाठवायचं नाही,” तृप्ती म्हणाली.

“तू परत त्यातून जाणार आहेस. या वेळी आधीच माहीत असून.”

“आत्तापर्यंत हात लावायला भीत होते, कारण वाटत होतं माझ्या हातांनी मरेल. आता ते माझ्या हातांनी मरणार नाहीये ना?”

“नाही.”

“मग झालं.”

घरी परतल्यावर तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे पट्टा कापला. राखीव दोन पिल्लांवरचा हक्क सोडल्याचे पत्र कंपनीला लिहिले. मग पिल्लाला मांडीवर घेतले आणि माझ्याकडे पाहून अटी सांगितल्या. पत्रकात असतात तशा नव्हे, वर्गात सांगतात तशा.

“रोज सकाळी यायचं. मिरज काही लांब नाही. नळी घेऊन. हिची छाती ऐकायची, गोळी कमी-जास्त करायची ती करायची. पण मला काही सांगायचं नाही. चांगलं असलं तरी नाही. तुझं तोंडही मला वाचता आलं नाही पाहिजे.”

“मग ऐकून उपयोग काय?”

“तू आजवर मेल्यावर ऐकलंस सगळ्यांचं. आता आधी ऐक.”

त्या दिवसापासून मी रोज सकाळी सांगलीला जातो. पिल्लू दाराशी येते, कारण टेकडीवर त्याला माझाही आवाज दुधाबरोबर पाजलेला होता. बारशात मी गोचिडीबद्दल बोललो होतो, तेवढा. त्या एका तुच्छ वाक्यावर ते माझ्यावर प्रेम करते. वैज्ञानिक दृष्टीने यात काही गूढ नाही. मी त्यात गूढ शोधत नाही, पण रोज सकाळी ते आठवते.

माझे काप मी तिन्ही जिल्ह्यांतल्या डॉक्टरांना पाठवले. चार जणांकडून तशीच हृदये आली, चारही टेकडीवरची. चारही घरांना ‘घरगुती हाताळणी’ असे कळवलेले होते. त्यांतल्या एका घरी मोलकरणीला कामावरून काढले होते. मी त्या चारही घरांना सविस्तर लिहिले. कंपनीनेही दखल घेतली: अर्जात आता चौथा चौकोन आहे, ‘हृदयविषयक खंड’. त्यात खूण केली की पुनःसोबत चोवीस तासांतच येते.

नावाचा प्रश्न महिनाभर लोंबकळला. पिल्लू ‘कंदी’ या हाकेला धावत येई आणि तृप्ती ती हाक मारत नसे. “कंदी मेली,” ती म्हणे. “तिचं नाव हिला नाही. हिला तिची उष्टी वाटीसुद्धा नाही देणार.” वाटी नवी आणली. नाव तिने नदीचे ठरवले, वारणा. भूगोलाच्या बाईकडून दुसरी अपेक्षा नव्हती. पुन्हा बारसे ठरले. पुन्हा नऊ बायका, झेंडू, घुगऱ्या. पाळण्याच्या खाली नंदाबाईच बसणार होत्या. त्यांनी तशी अटच घातली होती.

वारणा किती दिवस जगली किंवा जगते आहे, हे मी इथे लिहिणार नाही. तृप्तीच्या अटीत ते बसत नाही, आणि हे ती वाचणार आहे.

बारशाच्या दिवशी मी नेहमीप्रमाणे सकाळी गेलो नाही, संध्याकाळीच गेलो. पिल्लाची तपासणी राहिली होती. पाळण्याच्या फेऱ्या झाल्या. वरून खाली, खालून वर. नंदाबाईंनी पिल्लू दोन्ही हातांत घट्ट धरले, मग माझ्या मांडीवर ठेवले.

“मामा, तुमचं काम.”

“आधी ऐकतो,” मी म्हणालो.

मी नळी कानांना लावली आणि तोंड पिल्लाच्या छातीपर्यंत वाकवले, म्हणजे कुणाला दिसू नये. निरोगी हृदयाचे दोन आवाज असतात. लब, डब, आणि मग विश्रांती. मी ऐकले. पहिला. दुसरा. आणि विश्रांतीच्या जागी, घोड्याच्या टापेसारखा, हलका, अगदी हलका तिसरा.

मी जरा जास्त वेळ वाकून राहिलो. तृप्ती समोर होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती, पाळण्याची माळ सारखी करत होती.

नळी काढली. पांढरा कान उचलला, आत गोचीड नव्हती. कुर्र केले. माझ्या वयाच्या माणसाच्या तोंडून तो आवाज फार वाईट निघतो, दोघी-तिघी हसल्या.

ऐकले ते सांगितले नाही. नाव सांगितले.